टोचन

तोफ ठिबकच्या नळीची होती. उसाच्या सरीत टाकतात ती काळी सोळा मिलिमीटरची नळी वीतभर कापून घेतली होती, एक टोक तापवून जरा फुगवलं होतं आणि वरून हिरवा ऑइलपेंट फासला होता. पेंट नीट वाळलाही नव्हता. काचेच्या नव्या पेटीत माझ्या भावाची गाडी ठेवली होती आणि तिच्या कपाळातून ही नळी बाहेर आली होती.

गाडी म्हणजे मी केलेली प्रतिकृती. मी बारामतीत एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करतो आणि फावल्या वेळात लष्करी वाहनांच्या लहान प्रतिकृती करतो. प्रमाण एकास पस्तीस. खरी गाडी पस्तीस फूट असेल तर माझी एक फूट. हा हिशेब डोक्यात इतका मुरलाय की रागातसुद्धा थांबत नाही. पेटीसमोर उभं राहून मी सोळाला पस्तीसनं गुणलं. तोफेचं तोंड जवळजवळ दोन फूट रुंद आलं. त्यातून बादली आत जाईल. अशी तोफ जगातल्या कुठल्या सैन्याकडं नाही.

पण माझा राग मापाचा नव्हता. त्या गाडीला तोफच नसते.

माझा धाकटा भाऊ सैन्यात रिकव्हरीच्या गाडीवर होता. ही गाडी रणगाड्याच्याच सांगाड्यावर बांधतात. चाकं तीच, पट्टे तेच. फक्त वर तोफेच्या बुरुजाऐवजी क्रेन, पोटात जाड तारदोर गुंडाळलेला विंच आणि पुढं जमिनीत रोवायचं पोलादी पातं. वर स्वतःच्या बचावापुरती एक मशीनगन असते. ती मी बसवली होती, पण काडीएवढी असल्यामुळं कुणाच्या नजरेत भरली नसावी. रणगाडा वाळूत बसला, नाल्यात कलंडला, पट्टा तुटून आडवा झाला, की ही गाडी जाते आणि त्याला ओढून काढते. माझ्या भावानं आयुष्याची ऐन वर्षं हे काम केलं.

आमच्याकडं या कामाला शब्द आहे. कारखान्याचा हंगाम सुरू झाला, की अंथुर्ण्याच्या पुढं आमच्या गावाच्या शिवारात रोज कुठं ना कुठं उसानं भरलेली ट्रॉली रुततेच. कालव्याच्या पाझरानं रान वरून कोरडं दिसतं आणि आतून लोण्यासारखं असतं. मग हाक उठते, "टोचन आणा रं!" मूळ इंग्रजी टो-चेन. आमच्याकडं साखळीलाही टोचन म्हणतात आणि ओढण्याच्या कामालाही. ग्रंथालयातल्या कोशांत मी हा शब्द शोधला. मिळाला नाही.

भाऊ सुट्टीवर आला की डेअरीवर दूध घालायला आलेले एक आबा त्याला हटकून विचारायचे, "काय फौजी, रणगाडा चालवता का न्हाय?"

"न्हाय आबा, टोचन लावतो."

"आरं तिच्यायला! टोचनच लावायचं हुतं तर एवढ्या लांब कशापायी गेलास? हितली रानं काय आटली व्हय?"

सगळे हसायचे आणि भाऊ त्यांच्याहून मोठ्यानं हसायचा. मला मात्र ते लागायचं. मी त्याला म्हणायचो, नीट सांगत जा ना, किती टनांची गाडी, किती ओढते. तो म्हणायचा, "सांगितलं की. टोचन. आजून काय सांगू?"

त्याच्या गाडीची प्रतिकृती करायची हे मी तेव्हाच ठरवलं. ठरवणं सोपं होतं. रणगाड्यांचे प्लॅस्टिकचे सुटे भाग बाजारात मिळतात, पण ओढणाऱ्या गाडीचे मला कुठंही सापडले नाहीत. इथंसुद्धा तोफेलाच गिऱ्हाईक. मग रणगाड्याचा संच आणून त्याचा बुरूज बाजूला ठेवला आणि वरचं सगळं हातानं करायला घेतलं. जुन्या फायलींच्या प्लॅस्टिकमधून पत्रे कापले. नळ्यांसाठी बॉलपेनच्या रिकाम्या रिफिली घेतल्या. तारदोरासाठी मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातून तांब्याची बारीक तार आणली आणि सात पदर पिळून त्याचा दोर केला. परदेशी पुस्तकांतली छायाचित्रं जमवली तर प्रत्येक देशाची गाडी वेगळी. कुणाची क्रेन डावीकडं, कुणाची उजवीकडं. भावानं स्वतःच्या गाडीचा एकही फोटो कधी पाठवला नाही. ते नियमात बसत नव्हतं आणि नियम तो मोडत नसे.

"निदान क्रेन कुठल्या बाजूला ते तरी सांग," मी फोनवर म्हटलं.

"तू बघशील त्या बाजूला," तो म्हणाला आणि हसत सुटला.

निवृत्त होऊन गावी आल्यावर मात्र तो बारामतीला आला की माझ्या टेबलाशी बसायचा. एकदा मी मोठ्या हौसेनं गाडी चिखलानं माखून ठेवली होती. गावचीच काळी माती वस्त्रगाळ करून, डिंकात कालवून, पट्ट्यांवर थापलेली. त्यानं ती गाडी हातात घेतली आणि फिरवून फिरवून पाहिली.

"ही अडकल्याली हाय का काढणारी?"

"काढणारी. तुझीच."

"मग एवढा चिखल कुठनं आला? दादा, काढणाऱ्यानं घट्ट जमिनीवर उभं ऱ्हायाचं असतंय. त्यो बी चिखलात उतरला म्हंजे दोघं बी गेले. दोराचं टोक तेवढं चिखलात जातंय."

दुसऱ्या दिवशी मी सगळा चिखल खरवडून काढला. तांब्याच्या दोराच्या टोकाला तेवढा ठेवला. गाडीपुढं बोटाच्या दोन पेरांएवढा माणूस उभा केला, एक मूठ वर धरलेला. 'सावकाश घे, ताण आला' ही खूण कशी करतात ते भावानं मला जेवताना भाकरीच्या तुकड्यासकट मूठ उचलून दाखवलं होतं.

गावी त्यानं ट्रॅक्टर घेतला. त्याच्या मागं साखळी कायम अडकवलेली. कुणाची ट्रॉली रुतली की पहिला फोन त्याला. समोरच्याशी बोलणं आहे की नाही, बांधावरून भांडण आहे का, हे त्यानं कधी पाहिलं नाही. जायचा, आधी घट्ट जमीन शोधायचा, ओढून काढायचा, चहा पिऊन परत यायचा.

गेल्या हंगामाच्या तोंडावर तो गेला. सकाळी छातीत कळ येतेय म्हणाला आणि बारामतीला पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

प्रतिकृती अर्धवट होती. ती मी नंतरच्या वर्षात पुरी केली. फार हळू, कारण आता अडलं की अडलंच. क्रेनच्या हुकाला रंग कोणता, हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. विचारायला फोन हातात घ्यायचो, त्याचं नाव यादीत समोर यायचं आणि मग कळायचं. शेवटी हूक बिनरंगाचाच ठेवला. खोटा रंग देण्यापेक्षा ते बरं.

वर्षश्राद्धाच्या दिवशी गावच्या चौकाला भावाचं नाव द्यायचं आणि वाचनालयात काचेची पेटी ठेवायची, असं गावानं ठरवलं. पुढाकार आमच्या चुलत भावाचा, ज्याला सगळा गाव तात्या म्हणतो. वयानं माझ्याहून मोठा, हौशी, दिलदार. मला बरं वाटलं. मी गाडी कापसात गुंडाळून स्वतः नेऊन दिली. चार ओळींचा मजकूरही दिला, की ही कसली गाडी आणि तिच्यावर त्यानं काय काम केलं. आदल्या दुपारी गेलो तेव्हा पेटीत हे दिसलं.

"तात्या, हे काय?"

"जमलीया का न्हाय? आपल्या वेल्डिंगवाल्यानं बसवली. ती क्रेन तेवढी आडवी येत हुती. काढली."

"काढली?"

"टाकली न्हाय रं. खोक्यात हाय."

"तात्या, या गाडीला तोफ नसते."

"तोफ न्हाय तर रणगाडा कसला? उद्या पाव्हणं येणार, लोक म्हणत्याल जेसीबी ठेवलाय."

"रणगाडा नाहीच तो. ओढायची गाडी आहे."

"म्हंजे टोचन?"

"टोचन."

तात्यानं दाराकडं पाहिलं आणि आवाज उतरवला. "हे बघ, तू शिकल्याला माणूस. पर चौकाला नाव द्यायचं, दगड बसवायचा, आन पेटीत काय तर टोचन? आपल्या माणसाचं जरा मोठं करून सांगावं."

दगड बाहेर झाकून ठेवला होता. मी कापड उचलून पाहिलं. 'आपल्या रणगाड्याने शत्रूस धडकी भरवणारे' असं कोरून तयार होतं. माझ्या चार ओळींपैकी त्यावर काही नव्हतं.

मी मोठ्यानं बोलणारा माणूस नाही. आयुष्य 'शांतता राखा' या पाटीखाली गेलं. पण त्या दिवशी मनात एकेक उसळत होतं. मोठं करून सांगायचं म्हणजे काय? ज्यानं कधी कुणाला धडकी भरवली नाही, त्याच्या हाती नळीची तोफ द्यायची? तात्याच्या खालच्या रानातून माझ्या भावानं किती ट्रॉल्या काढल्या ते तात्यालाही आठवत नसेल. चौकातल्या प्रत्येक घराचा ऊस कधी ना कधी त्याच्या साखळीला लागून रस्त्यावर आलाय. आणि याच लोकांना त्या साखळीची लाज वाटावी? मारणाऱ्याला दगड मिळतो, तर काढणाऱ्याला का नाही? त्याचं काम लपवायचं होतं, तर त्याचं नाव कशाला घेतलं?

मी आत आलो. पेटी उघडली आणि नळीला हिसका दिला. ती निघाली, पण चिकटवलेला गोंद वरचा पत्राही घेऊन निघाला. नळी मी तात्याच्या हातात ठेवली.

"आरं, आन उद्या पाव्हण्यांला काय दाखवू?"

"ही दाखवा."

गाडी उचलली तेव्हा पेटीच्या कोपऱ्यात तो दोन पेरांएवढा माणूस दिसला. तोंडावर पडलेला, मूठ काचेला टेकलेली. त्याला खिशात घातलं.

तिथून भावाच्या घरी गेलो. भावजय दुसऱ्या दिवशीच्या स्वयंपाकाचे गहू निवडत होती. फुटकी गाडी मांडीवर घेऊन मी तिला सगळं सांगितलं. ती निवडायची थांबली नाही. शेवटी एवढंच म्हणाली, "गाडी घिऊन जावा तुमी, दादा. पेटी मोकळी न्हाय ऱ्हायाची."

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांनी पेटीवरचं कापड ओढलं तेव्हा आत साखळी होती. भावाची. सकाळीच भावजयीनं तात्याकडून किल्ली मागून घेतली होती, ती पुढं तिच्याकडंच राहिली. तात्याला वाटलं, फोटो ठेवायचा असेल. दोन्ही टोकांना हूक, कड्यांवर गंज आणि एका टोकाला वर्षापूर्वीचा वाळलेला चिखल. पाहुणे गोंधळले. निवेदन करणारा मात्र असल्या प्रसंगांना सरावलेला. त्यानं लगेच माइकवर आवाज चढवला, "शत्रूचे रणगाडे जखडून टाकणारी हीच ती साखळी!"

साखळीबद्दलसुद्धा खरं सांगवत नव्हतं त्यांना. मी उठणार, एवढ्यात मागून डेअरीवरच्या त्या आबांचा आवाज आला.

"आरं ए माइकवाल्या! जखडणारी कसली? टोचन हाय ती. आमच्या फौजीचं टोचन."

"माझी ट्रॉली तिनंच काढली की," आणखी कुणी म्हणालं. मग हसण्याची एक लाट आली. भाऊ असता तर सगळ्यांहून मोठ्यानं हसला असता. मला हसू आलं नाही. ज्या आबांनी त्याला जन्मभर या शब्दावरून छेडलं, त्यांच्याच तोंडून तो शब्द ऐकावा लागला. आम्ही दोघं शिकलेले, माइकवाला आणि मी, एक खोटं बोलत होता आणि दुसरा गप्प बसला होता.

दगड अजून तसाच आहे. मी तात्याला तो बदलायला सांगतो, तो बघू म्हणतो. गाडी माझ्या टेबलावर आहे. कपाळाचं भोक मी बुजवलेलं नाही, क्रेन खोक्यातच आहे. माणूस तेवढा पुन्हा उभा केलाय.

मध्यंतरी भावजयीचा फोन आला. "दादा, पेटी मोकळी हाय."

मी ताडकन उठलो. "कुणी नेली? परत तोफ बसवतायत का?"

"न्हाय वो. तात्याची ट्रॉली रुतलीया खालच्या रानात. किल्ली मागाय आला हुता. म्हणला, काम झालं की धुऊन पुसून ठिवतो."

"मग?"

"म्या म्हनलं, धुऊ नका."