सूट एरिनचा, घातला लॉरेननं

अकराव्या वर्षी ज्या दारातून तुमच्या लेकीला परत पाठवलं, ते दार सोळाव्या वर्षी ‘या, बसा’ म्हणालं, तर तुम्ही जाल?

लॉरेन पेटिट तर सूट घेऊन तयार होती. इंग्लंडमधल्या केंट परगण्यातल्या एका प्राथमिक शाळेत ती एकोणीस वर्षं पोरांना दुपारचं जेवण वाढते. तिनं नुसतं बघितलं तरी पोरं मटार संपवतात. तिची एरिन निवड परीक्षेत चार गुणांनी राहिली, तेव्हा घरी पत्र आलं होतं: ‘आपल्या मुलीला दुसरी शाळा अधिक मानवेल.’ लॉरेननं ते सुऱ्यांच्या खणात ठेवलं. रोज हाताला लागावं म्हणून.

आता परीक्षा घेऊन मुलं निवडणारी गावची तीच ग्रामर शाळा शेवटच्या दोन वर्षांसाठी, सिक्स्थ फॉर्मला, बाहेरची हुशार मुलं घेत होती. एरिनला तिथं जागा मिळत होती आणि बस डेपोमागच्या कॉलेजात इंजिनिअरिंगलाही. ऑगस्टात शालान्त परीक्षेचा निकाल लागला की दोन्हींतली एक पक्की करायची.

सिक्स्थ फॉर्मला ऑफिसचे कपडे लागतात, म्हणून लॉरेननं जूनमध्येच निळा सूट आणला. लेबलंही कापून टाकली. परत करायची भानगडच नको.

“मम, मला लेथवर काम करायचंय.”

“लेथ कुठं पळून जातोय? आधी त्या दारातून ताठ मानेनं आत जा.”

“तूच जा. सूट तुझ्याच मापाचा आणलायस.”

जुलैत शाळेनं नव्या मुलांना पालकांसह बोलावलं. सिक्स्थ फॉर्मचे प्रमुख हॉलोवे सर गोड बोलत सगळं दाखवत होते. एरिननं विचारलं, “वर्कशॉप कुठंय?”

“होतं पूर्वी. आता तिथं नाटकाच्या तालमी चालतात.”

एरिननं आईकडं पाहिलं. आई भिंतीवरचे फोटो बघत होती. रोज ताटं मोजणारी बाई ती, तिची नजर आपोआप डोकी मोजते.

“सर, हे दोन्ही फोटो एकाच बॅचचे ना? पहिल्या वर्षी एकशे बारा, दुसऱ्या वर्षी चौऱ्याऐंशी. बाकीची अठ्ठावीस पोरं काय फोटोच्या दिवशी शिंकत होती?”

हॉलोवे सर हसले. “पहिल्या वर्षी गुण कमी पडले, तर काहींना दुसरीकडं अधिक मानवतं, मिसेस पेटिट.”

लॉरेनला सुऱ्यांचा खण आठवला. बस स्टॉपपर्यंत ती नुसते आकडे पुटपुटत चालली. एरिन घाबरली, कारण हे कधी घडलेलं नव्हतं.

“त्या तुझ्या कॉलेजात टिकतात किती?” शेवटी लॉरेन म्हणाली.

“चल, विचारू.”

कॉलेजात बेव्ह नावाची शिक्षिका तेलकट हात पुसत म्हणाली, “गेल्या साली वीस आले, एकोणीस आहेत. एकीला बाळ झालं. ती सप्टेंबरात परत येतेय.”

“बाळ कसंय?”

“गुटगुटीत.”

“मग बरंय,” लॉरेन म्हणाली. लेकीकडं वळून तिनं विचारलं, “तुझं काय ते बोल, बाई. मी गप्प बसते.”

“बसशील?”

“दोन मिनिटं.”

निकाल फक्कड लागला. दोन्ही दारं उघडी होती. एरिन सरळ कॉलेजच्या रांगेत उभी राहिली आणि लॉरेन सँडविचचा डबा घेऊन तिच्यामागं. तो निळा सूट आता कामगार युनियनच्या बैठकीला लॉरेनच घालते, आणि फार रुबाबदार दिसते.

तुमच्या घरात सोळा वर्षांचं कुणी असेल, तर शाळेच्या भिंतीवरचे फोटो बघायला जा. डोकी मोजा, आणि मग पोराला विचारा.