पाडायची मंजुरी

छताचा तुकडा पडला तेव्हा मी शाळेच्या ओट्यावर तांदूळ निवडत बसले होते. खिचडी शिजवणाऱ्या मावशींना ताप आला होता, म्हणून त्या दिवशी चूल माझ्याकडे होती. मुलं ताटं घेऊन लिंबाखाली बसली होती. आत धान्याचं पोतं आपटावं तसा आवाज झाला आणि दारातून पांढरी धूळ बाहेर आली. बाई आत धावल्या, त्यांच्या मागून मी. दुसरी-तिसरीची मुलं बसतात त्या पट्टीवर सिमेंटचा भलाथोरला तुकडा पडला होता. वर पाहिलं तर गंजून फुगलेल्या सळ्या उघड्या पडलेल्या. तुकड्याखालून एक निळं दप्तर अर्धं बाहेर आलं होतं. ते माझ्या मुलीचं होतं.

मी बाहेर येऊन तिला शोधलं. ती ताट चाटत होती. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि परत आत गेले, कारण बाई अजून तिथंच उभ्या होत्या. शाळेत त्या एकट्याच होत्या. दुसऱ्या गुरुजींची बदली झाली, त्यांच्या जागी कुणी आलं नव्हतं. बाई जतकडच्या. चारी वर्ग त्याच सांभाळायच्या, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत सतत ये-जा करत. मला बघून त्या म्हणाल्या, "अध्यक्ष तुम्ही आहात. आता तुमची सभा घ्यावी लागेल."

अध्यक्ष मी होते खरी, पण ते मला तोपर्यंत कधी जाणवलं नव्हतं. आमची वाडी सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या शिवेवर, बाजाराला म्हसवड. माझा नवरा लग्नानंतर बरीच वर्षं कुपवाडला एका कारखान्यात लेथवर होता. तिथलं काम कमी होत गेलं तसे आम्ही मुलीला घेऊन घरी आलो. ती शाळेत जायला लागली त्याच वर्षी पालकांची सभा झाली. निम्मे बापे मेंढरं घेऊन कृष्णाकाठच्या उसाच्या रानात गेलेले, बाकीचे आले नाहीत. सभेला आम्ही बायकाच होतो. त्यात बारावी झालेली मी एकटी, म्हणून शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष मी. सासूबाईंना मी आत्या म्हणते. घरी सांगितलं तर त्या म्हणाल्या, "म्हंजी सही करायची आन् च्या प्यायचा." झालंही तसंच होतं. बाई सांगायच्या तिथं मी सही करायची.

त्या दुपारी मात्र मी बाईंना विचारलं की हे छत कुणी दुरुस्त करायचं. मला वाटलं त्या एका माणसाचं नाव सांगतील. त्या सांगत गेल्या आणि मी ऐकत गेले. बाईंचा पगार राज्य सरकारचा. तांदूळ दिल्लीहून येतो. इमारत जिल्हा परिषदेची, पण तिची पाहणी बांधकाम विभागाच्या अभियंत्यानं करायची. तो बसतो तालुक्याला. बारीकसारीक दुरुस्ती ग्रामपंचायतीनं करायची, मात्र हे आता बारीकसारीक राहिलं नव्हतं. वर्षाला जे अनुदान येतं त्यात खडू, चटया आणि विजेचं बिल भागतं. ते खर्चायचा ठराव आमच्या समितीचा. एका तुकड्याला इतके धनी आहेत आणि त्यातल्या कुणालाच तो पडणार हे माहीत नव्हतं, हे मला खरंच वाटेना. आमच्याकडे गोठ्याचा पत्रा उडाला तर कुणाला हाक मारायची ते शेंबड्या पोरालाही कळतं.

अभियंता आला, तसा लवकर आला. तरुण मुलगा होता. त्यानं हातोडीनं छत ठोकून पाहिलं, चेहरा वाकडा केला आणि या खोलीत एक दिवसही मुलं बसवू नका, असं बाईंना बजावलं. खोली धोकादायक ठरली. आम्ही सभा घेऊन पाडायचा ठराव केला, तो वर गेला आणि मंजूर होऊन परत आला. सरकारी काम इतकं झटपट होतं, याचं आम्हा सगळ्यांना कौतुक वाटलं. मग एका सकाळी जेसीबी आला आणि जेवणवेळेच्या आत खोली जमिनीला मिळाली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. आता नवीन खोली होणार, असं सगळी वाडी धरून चालली होती. मीही.

उरलेल्या खोलीत चारी वर्ग मावेनात, म्हणून बाईंनी मोठ्या मुलांना बिरोबाच्या देवळाच्या मंडपात बसवलं. पुजाऱ्यांनी हरकत घेतली नाही. कुणी नारळ फोडायला आलं की फळ्याकडची मान तिकडं वळायची, प्रसाद खाऊन झाला की पाढे परत पहिल्यापासून. हिवाळा गेला. बाई दर महिन्याला विचारणा करायच्या, उत्तर यायचं की प्रस्ताव पाठवला आहे.

मग एक दिवस एक रंगारी आला. मोटरसायकलला दोन्ही बाजूंनी रंगाचे डबे बांधलेले, अंगभर धूळ. मी देवळात होते, त्यानं मलाच शाळा कुठं ते विचारलं. मी त्याला घेऊन गेले. शाळांच्या भिंती बोलक्या करायच्या योजनेत आमच्या शाळेचं नाव आलं होतं. मोठ्या खोलीच्या आतल्या चारी भिंतींवर मुळाक्षरं, नकाशा आणि सूर्यमाला काढायची होती. त्याच्या मोबाइलमध्ये कामाचा आदेश होता, त्यात खोलीची लांबी-रुंदीसुद्धा होती. मी त्याला ती जागा दाखवली. तिथं आता बाभळीची रोपं उगवली होती.

त्यानं मोबाइलमधला आदेश परत वाचला. मग मला म्हणाला, "ताई, भिंत कुठाय?"

मला हसू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. पाडलेल्या खोलीला रंग द्यायला पैसे आले होते आणि ती बांधायला आले नव्हते. बाईंनी त्याला चहा दिला. त्यानं ठेकेदाराला फोन लावला. ठेकेदाराचं म्हणणं असं की परत यायचं नाही, जी भिंत असेल ती रंगव आणि फोटो पाठव. उरलेली खोली आधीच्या वर्षी रंगवलेली. शेवटी त्या बिचाऱ्यानं मुलांच्या मुतारीची बाहेरची भिंत धुऊन घेतली आणि तिच्यावर सूर्यमाला काढली. हात चांगला होता त्याचा. शनीचं कडं इतकं सुरेख आलं की मुलं तिथून हलेनात. बाई मात्र खोलीत जाऊन बसल्या होत्या आणि डोळे पुसत होत्या.

दुसऱ्याच आठवड्यात मी जिल्ह्याला, जिल्हा परिषदेच्या ऑफिसात गेले. बाईंना परवानगीशिवाय येता येत नव्हतं. माझ्याबरोबर समितीतली एक मेंढरं राखणारी बाई आली, तिची दोन्ही पोरं देवळात बसत होती. ती वयानं माझ्याहून मोठी, मी तिला अक्का म्हणते. तिनं ते ऑफिस कधी पाहिलं नव्हतं. मीही नाही. आम्ही ठरवलं होतं की आपण निवडून दिलेल्या सदस्याला आधी भेटायचं, मग शिक्षणाचं बघणाऱ्या सभापतींना. पहिल्या मजल्यावर सभापतींचं दालन सापडलं. दाराला कुलूप होतं आणि कुलपावर धूळ. मला वाटलं साहेब जेवायला गेले असतील. आम्ही बाकावर बसलो. बऱ्याच वेळानं एका कारकुनानं कुणाची वाट बघता म्हणून विचारलं आणि मग सांगितलं की सभापती नाहीत, सदस्यही नाहीत. मुदत संपून वर्षं झाली. निवडणूक झालेली नाही. सगळा कारभार प्रशासक बघतात.

इतकी वर्षं आमचं कुणी नव्हतं आणि आमच्या ते लक्षातही आलं नव्हतं. वाडीत पंचायतीच्या एका जागेवरून भाऊ भावाशी बोलत नाही. इथं अख्ख्या जिल्ह्याच्या शाळांचा निर्णय घेणारं सभागृह बंद होतं आणि त्याबद्दल पाराखाली एक शब्द निघाला नव्हता. अक्का हळूच म्हणाली, "मग आपलं बोलतंय कोण गं?"

मी उठून कारकुनाला विचारलं, मग आता भेटायचं कुणाला.

शेवटी एका अधिकाऱ्यांनी आत बोलावलं. गृहस्थ सभ्य होते. आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. रंगाऱ्याची गोष्ट ऐकताना त्यांनी कपाळाला हात लावला. मग त्यांनी समजावून सांगितलं की रंगाचे पैसे एका योजनेतले, ते दुसरीकडं वळवता येत नाहीत. नव्या खोल्यांचा निधी जिल्हा नियोजनातून येतो, मागणी खूप आणि निधी थोडा, त्यामुळं पट जास्त असलेल्या शाळा आधी. मी विचारलं, मग आमची खोली पाडायला मंजुरी दिली कशी?

"ताई, पाडायची मंजुरी वेगळी असते आणि बांधायची वेगळी," ते म्हणाले. "तुम्हाला पाडायची मिळाली."

ते चिडून बोलले नाहीत, उलट त्यांचा आवाज अगदी मऊ होता. त्यामुळंच ते वाक्य जास्त लागलं. पुढं त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. आमच्या वाडीचा पट इतका कमी आहे की उद्या शाळा जवळच्या मोठ्या शाळेत विलीन करण्याचा विचार होऊ शकतो. जवळची म्हणजे मोठ्या रस्त्याच्या पलीकडची. त्या रस्त्यावरून उसाच्या ट्रॉल्या जातात, एकामागं एक दोन-दोन जोडलेल्या. सहा वर्षांच्या पोरानं तो रस्ता कसा ओलांडायचा, ते मी विचारलं नाही.

परतताना एसटीत अक्का खिडकीला डोकं टेकून बसली होती. म्हसवड आल्यावर तिनं विचारलं की ग्रामपंचायतीला तरी पैसे येतात का. मी म्हटलं, येतात. बाईंनी सांगितल्याप्रमाणं त्यातून गावाच्या आराखड्यात शाळेचं काम धरता येत होतं. तेवढ्यावर आम्ही दोघी उतरलो.

सरपंच माझे चुलत दीर. मी त्यांच्यापुढं कधी बसलेसुद्धा नव्हते. त्या वर्षीच्या आराखड्यात गावाच्या तोंडाशी मोठी कमान धरली होती. ग्रामसभेला एरवी बायका जात नाहीत. त्या दिवशी अक्कानं तिच्या मेंढपाळांच्या वस्तीवरच्या सगळ्याजणी आणल्या, काखेत लेकरं घेऊन. माझा नवरा मागं दाराशी उभा राहिला. मी पदर डोक्यावर घेतला आणि उभी राहिले. काय बोलायचं ते पाठ केलं होतं, ते सगळं विसरले. दप्तरापासून कुलपापर्यंत जे झालं ते जसंच्या तसं सांगत गेले. सभागृहात सदस्य नाहीत म्हटल्यावर बापे एकमेकांकडं बघायला लागले. त्यांनाही तेव्हाच कळत होतं.

दीर म्हणाले, "वैनी, कमान मंजूर झालीय. आता बदलायची म्हंजी परत सगळी रांग. आन् शाळा जिल्ह्याची हाय, आपली न्हाई."

"भावजी, छत पडलं तवा जिल्ह्याची पोरं खाली नव्हती," मी म्हणाले.

अक्का बसल्या जागेवरून बोलली. "आवं सरपंच, पोरं पलीकडच्या शाळंला गेली तर आमी बी वस्ती हलवणार. मग त्या कमानीखालनं येणार कोण?"

मग एक म्हातारे पैलवान उठले आणि त्यांनी हात वर केला. त्यांच्या मागून इतरांनी. दिरांनी माझ्याकडं पाहिलं नाही, ग्रामसेवकाला ठराव लिहायला सांगितला.

खोली व्हायला पुढचं वर्ष उजाडलं. विटांच्या भिंती, वर पत्रा, जमिनीला कोबा. उन्हाळ्यात ती तापते, वळवाचा पाऊस आला की आत बाईंचा आवाज ऐकू येत नाही. पण मुलं देवळातून शाळेत आली. दीर मात्र त्यानंतर आमच्या घरचं पाणी प्याले नाहीत. माझ्या जावेनं तिचा मुलगा म्हसवडच्या इंग्रजी शाळेत घातला, त्यामुळं पट आणखी एकानं कमी झाला. त्याबद्दल मी तिला काही बोलू शकत नाही.

नंतर वार्षिक माहिती भरायची वेळ आली. बाईंनी मोबाइलवर शाळेच्या खोल्या टाकल्या, दोन. काही दिवसांनी तालुक्याहून फोन आला की तुमच्या शाळेला एकच खोली आहे, दुरुस्त करा. बाईंनी सांगितलं की दुसरी समोर दिसतेय, मी आत्ता तिच्यातच उभी आहे. पलीकडून उत्तर आलं की ती ग्रामपंचायतीची आहे, शाळेकडं वर्ग झालेली नाही, त्यामुळं धरता येत नाही. ती वर्ग करायची तर ठराव पंचायतीचा, मान्यता वरची आणि वर आमच्या वतीनं बोलणारं अजून कुणी बसलेलं नाही.

बाईंनी फोन ठेवला आणि मला सगळं सांगितलं. तोपर्यंत मला वाटत होतं की आता या कारभारात मला धक्का बसेल असं काही उरलं नाही. मी त्या खोलीत उभी होते, भिंतीला हात लावून, आणि मला आठवतं की तो हात मी कितीतरी वेळ काढलाच नाही. समोर तिसरीची मुलं पावकी म्हणत होती. बाईंनी त्यांना जरा मोठ्यानं म्हणायला सांगितलं.