केसरीणबाईचा फेटा

अशी जवळ ये वो पोरी, कागदावरच ये. दोन दिवस राहून गेलीस, भिंतीवरचा फोटो पाहिलास अन् म्हणालीस काय, "आजी, ही फेटेवाली बाई कोणत्या नाटकातली?" उत्तर ऐकायलाही थांबली नाहीस, तुझी बस होती. नाटक म्हणे! ती तुझी मोठी आजी आहे, माझी थोरली जाऊ. आतल्या खोलीत तुझ्यासाठी शेंगा सोलत बसली होती ना, तीच. आता गुमान बस अन् वाच. मी शाळेत गेले नाही, पोरांच्या पुस्तकांवरून अक्षरं जुळवत शिकले, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ पाहू नको.

आपलं गाव अल्लीपूरकडचं, कपाशीचं. सत्तर सालानंतर मी इथं लग्न होऊन आले. तेव्हा सासरी आल्यावर आठ दिवसांत बाईचं नाव गळून पडायचं अन् नवऱ्याचा हुद्दा तिला चिकटायचा. पाटलाची पाटलीणबाई, मास्तरांची मास्तरीणबाई. कंपाउंडरच्या बायकोला तर गाव डॉक्टरीणबाई म्हणे, अन् ती जीभ पाहून औषधही सांगे. तुझे आजोबा कापसाच्या जिनिंगमध्ये मुकादम, म्हणून मी मुकादमीणबाई. जिनिंगचं फाटक मी उभ्या जन्मात पाहिलं नाही. उलटं मात्र कधी झालं नाही. सुईणीनं अर्धं गाव जन्माला घातलं, तिचा नवरा साधा नवराच राहिला.

गावात तरुण मंडळ होतं. तरुण म्हणजे पंचेचाळिशीच्या पुढचे. हनुमान जयंतीला ते एका शूर माणसाला 'ग्रामकेसरी' पदवी देत. पहिल्या केसरींनी नाग मारला होता. तो आधीच गाडीच्या चाकाखाली आलेला, पण वरून काठी यांची पडली. दुसऱ्यांनी चोर पकडला. चोर त्यांचाच साळा निघाला म्हणून सोडून दिला, पदवी मात्र राहिली. त्यांच्या बायका झाल्या केसरीणबाई. हळदीकुंकवाला त्यांना खुर्ची, आम्हाला सतरंजी.

केसरीला बांधायचा भगवा फेटा मंडळाकडे एकच होता. दरवर्षी तो धुवायला, खळ द्यायला आमच्या घरी येई, कारण जाऊबाईसारखा कडक फेटा कोणाच्या हातून निघत नसे. एका वर्षी मी मागच्या खोलीत गेले तर ही बया तोच फेटा स्वतःच्या डोक्याला बांधून आरशापुढं उभी!

"जाऊबाई, हे काय करून राह्यल्या?"

"पाह्यतो वो, जड लागते का," ती म्हणाली. मग हळूच म्हणाली, "मान कशी आपोआप सरळ होते, पाह्य. एकदा तरी कोनी बांधून देल्ला पाह्यजे."

ही गोष्ट मी कोणाला सांगितली नाही. आज तुला सांगते.

त्यानंतरच्या कापूस वेचायच्या दिवसांत मंडळाचे अध्यक्ष शेजारच्या शेतात विहिरीवरची नवी पाण्याची मोटार दाखवायला गेले अन् दाखवता दाखवता विहिरीत पडले. बरोबरचे चार गडी दोर आणायला गावात पळाले. चौघंही, एकाच दोरासाठी! जाऊबाई आमच्या वावरात वेचत होती. तिचं माहेर नदीकाठचं, पाण्यातच वाढलेली. तिनं लुगड्याचा काष्टा आवळला, उडी घेतली, अन् दोर येईपर्यंत अध्यक्षांना कॉलरला धरून तरंगत ठेवलं. दोरामागून नागवाले केसरीही आले अन् काठावर उभे राहून "धरा, सोडू नका" असं सांगत राहिले.

हनुमान जयंती जवळ आली तशी पारावर मंडळाची बैठक बसली. आम्ही बायका पाणी भरायच्या निमित्तानं घागरी घासत ऐकत होतो.

"बाईले फेटा? खण-नारळानं ओटी भरा, झालं."

"अन् बाईले केसरी केलं, त तिच्या नवऱ्याले काय म्हनाचं?"

अध्यक्षांनीच तोड काढली. "मी म्हनतो, ज्या घरची बाई एवढी, तो गडी केवढा असन! केसरी त्यालेच करू. बाई आपोआप केसरीण होते. मान घरातल्या घरात राह्यला."

माझे भासरे, म्हणजे जाऊबाईचा नवरा, बिचारा देवमाणूस. अध्यक्ष पडले तेव्हा हिंगणघाटच्या बाजारात होते. पाण्याला असे भीत की आंघोळीलाही तांब्या अर्धाच भरत. त्यांना मंचावर बसवून फेटा बांधला, भाषण झालं, "निधड्या छातीचं घर!" हिंगणघाटहून बोलावलेल्या फोटोवाल्यानं फोटो काढला. जाऊबाईला खण-नारळ मिळाला. तिनं खळ दिलेला फेटा, तिच्या नजरेसमोर, नवऱ्याच्या डोक्यावर. तिनं नारळ माझ्या हातात दिला अन् म्हणाली, "याची चटनी कर. तिखट कर."

चटणी वाटायचीच राहिली, कारण तेवढ्यात देवळामागून ओरडा आला. महाप्रसादाच्या वरणाचा गंज, गावातलं ते एवढं मोठं एकच भांडं, दोघं विहिरीच्या काठावर घासत होते. तो त्यांच्या हातून सटकला अन् पाण्यात गेला. डाळ भिजलेली, गाव भुकेलं.

"केसरी कुठं हायेत? उतरवा त्यायले!"

लोकांनी भासऱ्यांच्या कंबरेला दोर बांधलासुद्धा. ते बायकोकडे पाहत म्हणाले, "बापा हो, मले पोह्यता येत नाई. उडी इनं घेतली होती, मी नाई." अन् फेटा काढून त्यांनी तिच्यापुढं धरला.

जाऊबाईनं घेतला नाही. म्हणाली, "तुमी काऊन देता? ज्यायनं तुमाले बांधला त्यायनंच मले बांधावा. अध्यक्षभाऊ, केसरीनं उतरावं म्हनता ना? मंग आधी केसरी करा."

"आता टाईम हाय का, वहिनी?"

"तुमी इहिरीत होते तवा मी टाईम पाह्यला होता का?"

बायका फिदीफिदी हसल्या. अध्यक्षांनी भुकेल्या गावाकडे पाहिलं, रिकाम्या चुलीकडे पाहिलं अन् बांधायला घेतला. एकट्याला जमेना, म्हणून फेट्याचं टोक मी धरलं. फोटोवाला हुशार, त्यानं तेवढ्यात बटण दाबलं. नीट पाह्य, फोटोत डावीकडे जो हात दिसतो तो माझा आहे. मग तिनं फेटा उतरवून मला दिला, काष्टा आवळला, उडी घेतली, गंजाच्या कड्याला दोर बांधला अन् वर आली. वरण जरा उशिरा झालं, पण पहिलं पान तिला वाढलं. खुर्चीवर नव्हे, पाटावर, तिनंच मागितला.

पुढच्या वर्षी मंडळानं फळ्यावर लिहिलं, 'पदवी फक्त पुरुषांसाठी.' अन् जाऊबाईकडेच राहिलेला फेटा खळ देऊन पाठवा म्हणून निरोप धाडला. जाऊबाईनं उलटा निरोप दिला, "माहा फेटा मी कोनाले देत नाई." त्यांनी नवा आणला. त्याला खळ द्यायला कोणीच मिळेना, तेव्हापासून आमचे केसरी कानावर फेटा लोंबवत मिरवतात.

आता तिचे डोळे अधू झाले, पण फेट्याला खळ अजून स्वतः देते. तू जाताना तुझं डोकं हातानं चाचपलं ना तिनं? ते लाड नव्हते, माप घेतलं. लवकर येजो. अन् बसची घाई करत येऊ नको, बांधायला वेळ लागतो.