पुरीच्या डब्याशेजारी फ्रान्स आणि अमेरिका

शनिवार, १२ नोव्हेंबर २००५, सकाळचे अकरा वाजून वीस मिनिटे. लंडनहून ब्रिस्टलला जाणाऱ्या मोटरवेवर गाड्या थांबवून चहा प्यायची जागा असते, तिला 'सर्व्हिसेस' म्हणतात. तिथे मी माझ्या एकदा मोडलेल्या मनगटावर पाच कपांचा ट्रे पेलत टेबलाशी आले आणि माझ्या पोटच्या दोन मुलांना आपापल्या देशांची बदनामी करताना पकडलं.

जुलैमध्ये मी नाशिकच्या बाथरूममध्ये घसरले. मनगट महिन्याभरात जुळलं, पण 'आई आता एकटी राहू शकत नाही' हे वाक्य काही मिटेना. मुलगा समीर अमेरिकेत न्यू जर्सीला, मुलगी गौरी फ्रान्समध्ये लिआँला. दोघांना सारखंच गैरसोयीचं म्हणून लंडनमधलं इल्फर्ड ठरलं, माझी धाकटी बहीण सुधा हिचं घर. आईचं काय करायचं ते तिथे बसून ठरवणार, आणि मधे एक दिवस ब्रिस्टलचा झुलता पूल. पोस्टात छत्तीस वर्षं काढल्यामुळे पार्सल कसं फिरवतात हे मला सांगायला नको.

जाणाऱ्यांसाठी सूचना: इल्फर्डहून सकाळी सातच्या आत निघा. आम्ही नऊला निघालो आणि लंडनमधून बाहेर पडण्यातच दमलो. गाडी सुधाची लेक निशा चालवत होती. ती इथेच जन्मली. तिचं मराठी लंगडतं, गाडी नाही. ब्रॅकनेलच्या फाट्यावरून जाताना तिने आपलं ऑफिस तिकडे आहे म्हणून हात दाखवला. मला फक्त पाऊस दिसला.

तर टेबल. एरवी फोनवर समीरच्या अमेरिकेत धूळसुद्धा स्वच्छ असते आणि गौरीच्या फ्रान्समध्येच माणूस माणसासारखा जगतो. त्या दिवशी टेबलावरच्या एका जाहिरातीच्या कागदाच्या पाठीवर रेघ मारून दोन रकाने केलेले. गौरी सांगत होती की फ्रान्समध्ये दंगलीत रोज रात्री गाड्या जळतायत, आडनाव बघून पोरांचे अर्ज बाजूला टाकतात, शाळेत मुसलमान मुलींच्या डोक्यावरच्या रुमालावरून कायदा होतो. समीर म्हणाला, हे काहीच नाही. अमेरिकेत ऑगस्टच्या वादळात एक अख्खं शहर बुडालं आणि गरीब काळे लोक दिवसच्या दिवस छपरावर बसून राहिले, शिवाय बंदुका, शिवाय आजारपणाच्या इन्शुरन्सचा खर्च.

दोघांचंही खरं असावं. फ्रान्सचं सरकार म्हणे माणसाचा वंश नोंदवतच नाही, म्हणून भेदभाव दिसत नाही. अमेरिकेत प्रत्येक फॉर्मवर वंशाची चौकट, आणि तरी छपरावर कोण बसलं ते जगाने पाहिलं. पत्ता न घातलेलं पत्र आणि नीट पत्ता घालूनही न पोचलेलं पत्र, दोन्ही मी पाहिली आहेत. घेणाऱ्याला फरक पडत नाही.

पण हे मला नंतर सुचलं. तेव्हा एवढंच कळलं की माझी मुलं माझ्यासाठी भांडत नव्हती, मला एकमेकांकडे ढकलत होती.

"बघितलंस ना सुधामावशी," समीर म्हणाला, "आईला फ्रान्सच बरं."

सांगितलं सुधाला, बोलली ती निशा.

"पण मोठ्या मावशीला कोणी विचारला का, तिला कुठे राहायचा आहे?"

कोणी विचारलं नव्हतं. माझ्या शाळेत कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर सांगायच्या, राग आला की आधी चहा संपवा. मी संपवला. एका कपाचे शंभर रुपये झाले होते. मग सुधाने केलेल्या तिखटमिठाच्या पुऱ्या आम्ही गाडीत काचा चढवून खाल्ल्या, कारण आत बाहेरचं खाऊ देत नाहीत. पाच माणसं, एक डबा, आणि हात पुसायला मी उचलून आणलेला तो रकान्यांचा कागद.

ब्रिस्टलचा पूल मात्र बघाच. नदी इतकी खाली की बोट काडेपेटीएवढी दिसते. चालत जाणाऱ्याला पैसे पडत नाहीत. वारा फार, कानाला बांधा. मध्यावर गौरीने माझा हात धरला.

"आई, माझं घर पाचव्या मजल्यावर आहे. लिफ्ट नाही. तू एकदा वर चढलीस की उतरणार नाहीस, असं वाटलं."

"मग हे तिथे सांगायचं. दंगल कशाला मधे आणलीस?"

"लिफ्ट नाही म्हणायची लाज वाटली."

समीर पुढे जाऊन पुलाचे फोटो काढत होता. एकाही फोटोत माणूस नाही.

आता मी नाशिकला. बाथरूममध्ये दांडी बसवून घेतली, शेजारच्या कुलकर्णीबाई सकाळ-संध्याकाळ बेल वाजवतात. मी कुठेही राहायला जाणार नाही, हे जायच्या आधीच माझं ठरलं होतं. विचारलं असतं तर इल्फर्डमध्ये पहिल्या दिवशीच सांगितलं असतं. त्या प्रवासातून मी तो रकान्यांचा कागद आणला आहे, पुरीचं तेल लागलेला. दोन्ही देशांवर डाग सारखाच.

समीर, तुझ्या देशात किती तणाव आहे ते मला समजलं. तुझ्या घरात मला का ठेवता येत नाही तेवढं लिही. कारण काहीही चालेल, फक्त तुझ्या घरातलं हवं. फोन नको, ईमेल नको, इथे ब्लॉगच्या खाली प्रतिक्रियाही नको. स्वतःच्या अक्षरात, रजिस्टर पोस्टाने, शनिवार ३१ डिसेंबर २००५ रोजी टपाल वाटप संपायच्या आत माझ्या हातात पडलं पाहिजे. आमचा पोस्टमन दुपारी एकला येतो. मी दारात असेन.