गवतावरची स्की

वाळल्या गवताचा वास आला की आधी माझा डावा गुडघा ठणकतो. मनालीला हॉटेलात कामाला असलेल्या मेव्हण्यानं एकदा बर्फावरून घसरायची जुनी स्की आणली, इतकी हलकी की फुंकरीनं उडावी. म्हणाला, "दाजी, उतारावर वळून दाखवा, तुमाला पण तिकडं कामाला लावतो." सिद्धगडाखालच्या गवतावरून मी असा सुटलो की माझी सावली दोन दिवसांनी घरी आली. पण बर्फात रुतून वळवणारी स्कीची कड गवतात रुतेचना. सरळ भाताच्या बांधावर आदळलो. "बर्फात वळते हो ती!" तो ओरडला. "मग बर्फ आण की इथं!" मी कण्हलो. तो एकटाच गेला. आता गवताचा भारा डोक्यावर घेऊन दुखऱ्या पायानं तोच उतार उतरतो, सावकाश, इकडून तिकडं, अगदी झकास वळत. बघायला तो नाय.