खड्डे चुकवणारी रिक्षा

शाळेत मुलांना संगणक शिकवता शिकवता मलाच त्या रंगीत ठोकळ्यांच्या भाषेचा नाद लागला. पडद्यावर एकाखाली एक ठोकळे जोडायचे की खेळ तयार. मी दादालाही त्यात ओढलं. मी मुलुंडला, तो घाटकोपरला, दोघंही बहीणभाऊ पन्नाशी उलटलेले, आणि दर रविवारी एकमेकांना खेळ पाठवायचो. वहिनी म्हणायची, "एवढे घोडे झालात तरी पोरकटपणा जात नाही!" आमचा नियम एकच होता. समोरच्याचा खेळ उघडायचा, आत एक गोष्ट गुपचूप बदलायची आणि परत पाठवायचा. काय बदललं ते दुसऱ्यानं ओळखायचं.

'खड्डे चुकवणारी रिक्षा' हा दादाचा सगळ्यात झकास खेळ. बाणांच्या चार बटणांनी रिक्षा वळवायची, पळवायची आणि खड्डा आला की उडवायची. आमच्याकडच्या रस्त्यांवर वर्षानुवर्षं हाडं खिळखिळी करून घेतल्याशिवाय असला खेळ सुचत नाही.

मग त्याच्या बोटांतली ताकद जायला लागली. स्नायू झिजत जाणारा आजार निघाला. बरं होणार नाही, हे डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. मी देवाला शिव्या घातल्या आणि खेळ दुरुस्त करायला बसले. चार बटणांची दोन केली. तीही जड जायला लागली तेव्हा फक्त स्पेसबार ठेवला. रिक्षा आपोआप पळणार, दादानं नुसती उडवायची.

तेही वेळेवर जमेना, म्हणून मी वेगच कमी केला. त्याला बोलले नाही. आता हा कुठला आत शिरून बघतोय, असं वाटलं. दादा भराभर जिंकायला लागला.

एका रविवारी त्याच्याकडे गेले, तर खेळ आतून उघडून ठेवलेला. माउस वहिनीच्या हातात होता, दादा बसल्या बसल्या सांगत होता.

"वेग तू कमी केलास ना?"

"हो, केला. मग?"

"ओळखलं बघ. आता होता तसा कर. मला असलं लाडाचं जिंकणं नको गं."

"हरण्यात कसली रे मर्दुमकी?" मी चिडून म्हटलं. वहिनीनं वेग पूर्वीइतका केला. आजारी माणूस चार वेळा जिंकला तर कुणाचं काय जातं, असं मला अजूनही वाटतं. पण खेळ त्याचा होता.

आता त्याचं बोट हलतच नाही. स्पेसबार मी दाबते, पण तो "आता" म्हणाला तरच. तसं त्यानं माझ्याकडून कबूल करून घेतलंय. आजार जिभेपर्यंतही पोचलाय. खड्डा येताना मला लख्ख दिसतो. माझं बोट बटणावर तयार असतं. दादाचे ओठ हलतात, शब्द यायला वेळ लागतो, आणि रिक्षा खड्ड्यात जाते. मग "आता" ऐकू येतं. मला रडू येतं, त्याचा रागही येतो. तरी मी तेव्हाच बटण दाबते, आणि तो "पुन्हा" म्हणेपर्यंत थांबते.