कान न ओढता केलेलं निदान

कान दुखतो म्हणून येणारा माणूस त्याआधी कानात काय काय घालून येतो, त्यावर एक किराणा दुकान चालेल. लसूण टाकून कढवलेलं जवसाचं तेल, चिमूटभर हळद, वर कापसाचा बोळा. तोही विकतचा नाही. कापूस पिकवणाऱ्याने कापूस विकत घ्यायचा म्हणजे कमीपणा, म्हणून वावरातलाच, हाताने सरकी काढलेला. मोटरसायकलच्या किल्लीने खाजवणं त्याआधीच झालेलं असतं. घाटंजीत दवाखाना टाकल्यापासून मी हे बघतोय आणि माझं डोकं अजून तितकंच तापतं.

त्याहून चीड मला आमच्या व्यवसायबंधूंची. टेबलाच्या पलीकडून, कानाला बोटही न लावता गोळ्या लिहितात. अहो, कान धरून हळूच वर-मागे ओढायला, भोकासमोरचा तो छोटा उंचवटा दाबायला किती वेळ लागतो? माणूस कळवळला तर दुखणं बहुधा बाहेरच्या नळीत. नाही कळवळला तर पडद्याच्या आत शोधा. मग दिव्याची दुर्बीण घालून नळी सुजलीय का, पू आहे का, पडदा दिसतो का, बघा. एवढंसं काम! डॉक्टरांच्या एका बैठकीत मी या लोकांना 'लांबून कान बघणारे ज्योतिषी' म्हणालो होतो. सगळे हसले आणि मी दोन दिवस खुशीत होतो.

माझी मोठी बहीण नेरला असते. तिला साखरेचा आजार जुना आहे. एका सकाळी तिचा फोन आला, "भाऊ, कान लय ठणकून राह्यला." समोर रोगी बसले होते. मी थेंबांचं नाव सांगितलं आणि फोन ठेवला. चार दिवसांनी पुन्हा फोन, फरक नाही. मी खेकसलो, "नीट टाकतच नसशील! आडवी पडून टाकत जा, लगेच उठू नको."

दहाव्या दिवशी ती एकटीच बसने आली, कानावर पदर दाबून. मी कान जरासा ओढला तर तिने माझं मनगटच पकडलं. दुर्बिणीतून नळी दिसेना, करड्या रंगाचं काहीतरी मध्ये होतं. चिमट्याने ओढलं तर कापूस. त्यामागे आणखी एक बोळा. त्यामागे तिसरा.

"तेल घालून बोळा लावला होता," ती म्हणाली. "सकाळी दिसला नाही, मले वाटलं पडला. म्हणून दुसरा लावला. तुह्ये थेंब तं रोज टाकून राह्यली मी, आडवी पडूनच."

माझे थेंब दहा दिवस कापूस भिजवत होते. बोळे निघाल्यावर सुजलेल्या नळीच्या तळाशी लाल मांसल दाणे दिसले. साखर असलेल्या माणसाच्या कानात असे दाणे म्हणजे रोग कवटीच्या हाडापर्यंत गेल्याची शंका. तिथून जाणारी चेहऱ्याची नस निकामी होऊन तोंड वाकडं होतं, पुढे जीवही जातो. मी तिला डोळे गच्च मिटायला लावले, गाल फुगवायला लावले. तोंड अजून सरळ होतं.

दवाखाना बंद केला आणि तिला गाडीत घालून यवतमाळला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. माझ्या निम्म्या वयाचा पोरगा. त्याने आधी कान ओढून पाहिला, दाबून पाहिला, मग दुर्बीण घातली, सगळं क्रमाने. हाडाचा फोटो काढायला सांगितला, आजच भरती करा म्हणाला. मग कागद पुढे ओढून त्याने बहिणीला विचारलं, "आधी कोणी कान तपासला होता का?"

"हो तं," ती लगेच म्हणाली. "माह्या भावानं. पहिल्याच दिवशी."

त्याने माझ्याकडे आदराने पाहिलं आणि तसंच लिहून घेतलं. मी खोडून काढ म्हणालो नाही.